नवीन आलंय, घेऊ का?

शिवाजी पेठेत सायकलच्या दुकानावर, माडीवर आमचं ऑफिस होतं. चार टेबलं, एक पंखा आणि खाली दिवसभर ट्यूबमध्ये हवा भरायचा आवाज. कागल एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीसाठी आम्ही ड्रॉइंगच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर केलं. कॉम्प्युटर सुरू झाला की जुन्याच्या जागी ताजं ड्रॉइंग आपोआप उतरणार, हा डीफॉल्ट, म्हणजे आधीच ठरवून दिलेला नियम, माझा. कुणाला विचारत बसायचं कशाला? तेव्हा मला शहाणपणा जरा जास्तच होता.

फाउंड्रीत साचे करणारे एक मिस्त्री होते, रिटायरमेंटला आलेले. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून साचा किंचित मोठा ठेवतात. कुठल्या कोपऱ्याला किती, हे फक्त त्यांच्या बोटांना ठाऊक. आपल्या मागं कुणाचं अडू नये म्हणून ते आपल्या कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगमध्ये एकेक कोपऱ्याशी ते लिहून ठेवत होते. पुढं मात्र, आमच्या ऑफिससकट बाकीच्या कॉम्प्युटरवर, पाठवत नव्हते. नग चांगला निघाल्याशिवाय लिहिलेलं कुणाला दाखवायचं नाही, ही त्यांची रीत.

एका सोमवारी फाउंड्रीच्या गिऱ्हाइकाची नवी ड्रॉइंगं आली आणि माझ्या डीफॉल्टनं मिस्त्रींचं महिन्याभराचं लिखाण पुसून टाकलं. मी धावतपळत कागलला गेले. म्हटलं, आता शिव्या खायच्या. ते एवढंच म्हणाले, "पोरी, पावणंसुदीक दारात थांबून इचारतंय की. तुझं सॉफ्टवेअर सरळ चुलीपर्यंत आलं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत येऊन मी सगळं बदललं. आधी माणसाचं स्वतःचं काम जपून ठेवायचं, मग विचारायचं: "नवीन आलंय, घेऊ का?" हो म्हटल्याशिवाय काही उतरणार नाही.

पुसलेलं परत लिहायला मी रोज दुपारी तिकडं जायची. ते आठवून सांगायचे, मी टाइप करायची, आणि मध्ये त्यांच्या डब्यातली भाकरी आणि खर्डा. काय दिवस होते! इतकं मन लावून मी नंतर कुणाचं ऐकलं नाही.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी मी पेठेतच होते. दुपारी माझ्या स्क्रीनवर उमटलं, "नवीन आलंय, घेऊ का?" मिस्त्रींनी सगळं पहिल्यांदाच पुढं पाठवलं होतं. मी 'हो' दाबलं आणि डोळे भरून आले. तेवढ्यात त्यांचा फोन.

"घेतलंस न्हवं?"

"घेतलं, मिस्त्री."

"मग निघतो मी."