मुळासकट उपटलेले वीस केस

सकाळी दहाच्या सुमारास सरांची गाडी फाटकातून आत आली आणि वहिनी हातातलं काम टाकून अंगणात आली. गाडीत घोडा होता. तपासणीचा निकाल मात्र अजून आला नव्हता.

वहिनी म्हणजे धाकट्या दिराची वहिनी. पण तो हाक मारायचा म्हणून खरारा करणारे मारू लागले, मग नालबंद, मग दाणावाला, आणि बघता बघता ती अख्ख्या तबेल्याची वहिनी झाली. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. चार घोड्या, दोन म्हातारे घोडे आणि शिकायला येणारी मुलं, असा तो पसारा ती आणि दीर मिळून ओढत होते. व्यवहार दीर बघायचा. कुठली घोडी कुठल्या पायावर भार देत नाही, हे वहिनीला विचारायचं.

त्या चौघींत काजळ तिची लाडकी. नखशिखांत काळी, फक्त कपाळावरून एक पांढरा पट्टा नाकाकडे उतरताना डावीकडे कलंडलेला. दहा दिवसांपूर्वी वहिनीने तिच्या आयाळीतले वीस केस बोटाला गुंडाळून मुळासकट उपटले होते आणि कागदाला चिकटवून प्रयोगशाळेत पाठवले होते. मूळ नसेल तर केस फुकट, असं तिथल्या बाईंनी बजावलं होतं. निकाल आज दुपारपर्यंत येणार होता.

आणि काजळ परवापासून माजावर होती. आज नाही तर उद्या, नाहीतर तीन आठवडे थांबा, असं जनावरांचे डॉक्टर सांगून गेले होते. सर पुढच्या आठवड्यात घोडा घेऊन लांब जायचे होते.

सरांनी वहिनीच्या नवऱ्याला घोड्यावर बसायला शिकवलं होतं. त्यांचा घोडा लाल-पांढऱ्या ठिगळांचा, असा देखणा की रस्त्याने जाणारा सायकल थांबवून बघत राही. घोडा गाडीतून उतरला, त्याने मान उंचावून हुंकार दिला, आणि आतून काजळने उत्तर दिलं.

"चला, दोघांचं जमलंय," दीर हसत म्हणाला. "वहिनी, आणा तिला बाहेर."

"फोन येऊ दे, भाऊजी."

"फोन संध्याकाळी आला तर?"

"तर संध्याकाळी."

सर काठी टेकत पुढे आले. "सूनबाई, माझ्या घोड्याची चाळीस शिंगरं आहेत. एकही दगावलेलं नाही. तू काय रंगाचं घेऊन बसलीस?"

"रंगाचं नाही, सर. रंगाबरोबर येतं त्याचं."

दिराचा संयम सुटला. तो सरळ काजळच्या खोलीकडे गेला आणि त्याने कडी काढली. वहिनी त्याच्याआधी दारात. तिने म्होरकी धरली, घोडीला मागे सारलं आणि पाठ दाराला लावून उभी राहिली. पंचावन्न वर्षांची बाई, गुडघे दुखणारी. पण दिराला तिला बाजूला करायचा धीर झाला नाही.

"सरांसमोर शोभा करताय आपली," तो दात आवळून म्हणाला.

"करते. तुम्ही तेव्हा शहरात नोकरीला होतात. तुम्हाला माहीत नाही."

मग तिने सांगितलं. अकरा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते.

काजळच्या आईला एका सकाळी शिंगरू झालं होतं. दुधासारखं पांढरं, निळ्या डोळ्यांचं. शेजारपाजारचे बघायला लोटले. तासाभरात ते उभं राहिलं, आईला प्यायलं. दुपारी मात्र जमिनीवर लोळायला लागलं. पोट फुगत गेलं, लीद काही पडेना. वहिनीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. संध्याकाळी डॉक्टरांनी मान हलवली आणि सुई दिली. तेव्हा नवऱ्याने एकदाच, फक्त एकदाच विचारलं, "तू घोडीला काय खायला घातलं होतंस?"

"मी गव्हाचा कोंडा घातला होता," वहिनी म्हणाली. "जरा ओला होता. तेवढ्यावरून मीच मारलं असं हे धरून चालले. हे पुन्हा बोलले नाहीत, पण मी रोज ऐकत होते. हे गेल्यावर दोन वर्षांनी नव्या डॉक्टरांनी सांगितलं, की आई आणि बाप दोघांत तो दोष होता. एकाकडून आला तर अंगावर पांढरे चट्टे येतात, कधी तेही दिसत नाहीत. दोघांकडून आला की शिंगरू पांढरं होतं आणि त्याचं आतडं चालतच नाही. चारात एक असं पडतं. कोंड्याचा काही संबंध नव्हता. यांना ते कळलंच नाही, सर. माझ्यावर तो संशय ठेवूनच गेले."

दीर खाली बघत कडीशी चाळा करत राहिला. अंगणात घोडा खूर आपटत होता.

पाऊण वाजता फोन वाजला. वहिनी दारातून हलली नव्हती; दिरानेच तो घेऊन तिच्या कानाला लावला.

"हो... हो. आहे म्हणता? एकाकडूनच. बरं."

तिने फोन खाली केला. "काजळमध्ये आहे."

"पण सरांच्या घोड्यात नसेल ना?" दीर म्हणाला. "चाळीस शिंगरं धडधाकट..."

"एकोणचाळीस," सर म्हणाले.

ते दाण्याच्या पेटीवर बसले होते. काठी दोन्ही हातांत. "एक पांढरं झालं होतं. माझ्याच घोडीचं. मेलेलंच जन्मलं, असं सांगितलं मी सगळ्यांना. मागच्या कुंपणाशी पुरलं. मला वाटलं, नशीब. खरं सांगायचं तर वाटून घेतलं."

वहिनीच्या ओठांवर कितीतरी कडू शब्द आले. मघाशी हाच माणूस शपथेवर बोलल्यासारखं बोलला होता. ती दारातून हलली असती तर? पण ती एवढंच म्हणाली, "केस काढायचेत, सर."

"काढ."

"तुम्ही काढा. तुमच्या हाताला तो उभा राहील."

सरांनी आयाळ बोटाला गुंडाळली आणि झटका दिला. पहिल्या वेळी केस तुटले. दुसऱ्या वेळी मुळं आली. वहिनीने पाकीट उघडून धरलं. घोडा गाडीत चढवला गेला. काजळ आत बराच वेळ ओरडत होती.

आठ दिवसांनी निकाल आला. सरांच्या घोड्यातही दोष होता.

तीन आठवड्यांनी काजळला दुसरा घोडा दाखवला, आधी तपासलेला, दिसायला अगदीच साधा. पुढच्या वर्षी तिला तपकिरी शिंगरू झालं. ते नीट वाढलं. दिराने त्याच्या रंगाबद्दल नाक मुरडलं खरं, पण त्याला आधी कुणी हात लावायचा यावरून भांडलाही तोच.

सरांनी मात्र निकाल आला त्याच आठवड्यात लांब जाणं पुढे ढकललं होतं. त्यांच्या घोड्याकडून गाभण असलेल्या सहा घोड्यांच्या मालकांना सांगणं भाग होतं. फोनवर त्यांना जमेना, म्हणून एका सकाळी ते वहिनीला घ्यायला आले. पहिल्या मालकाने शिव्या घातल्या. दुसऱ्याने दार लावून घेतलं. तिसरी एक बाई होती; तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे माझी घोडी तपासायची कशी?"

"तिला बाहेर आणा," वहिनी म्हणाली आणि पदर खोचला.