महागूचा वास

बालाघाटहून लालबर्ऱ्याला जाणाऱ्या रस्त्याला मँगनीजची एक खाण होती. तिच्या तोंडाशी हवा दाबणारं मोठं यंत्र बसवलेलं होतं आणि त्या यंत्राच्या खोलीत महागू नोकरीला होता. काम म्हणाल तर यंत्राकडे लक्ष ठेवणं आणि एक बाटली सांभाळणं. यंत्र कोणीही सांभाळलं असतं. बाटलीला मात्र महागूच लागे, कारण दुसरं कोणी तिच्या आसपास फिरकत नसे.

त्या बाटलीत वास होता. सडका कांदा, नासलेली कोबी आणि शिळी लसणाची चटणी एका मडक्यात घालून आठवडाभर उन्हात ठेवली तर जे होईल, ते. नाव मरकॅप्टन. त्रेसष्ट साली खाणीच्या रसायनवाल्या साहेबांनी ती आणली तेव्हा महागूला सांगितलं होतं, "कांदा, लसूण, हिंग आणि हे, सगळे एकाच गोतातले. गंधक हे त्यांचं आडनाव." खाली ड्रिल चालू असली की कानाशी ओरडलेलं ऐकू येत नाही, धुळीत दिवा दिसत नाही. नाक तेवढं मोकळं असतं. म्हणून संकट आलं की बाटली ड्रिलना हवा नेणाऱ्या नळीत रिकामी करायची. वास प्रत्येक ड्रिलपाशी पोचणार आणि माणसं हातातलं टाकून वर येणार. वाटीभर द्रव अख्ख्या खाणीला पुरे.

बाकीच्यांनी हे नाकाला दुपट्टा लावून ऐकलं. महागू मात्र हरखला. तो मुळातच स्वप्नाळू गडी; चहा समोर ठेवला तर निवल्यावर आठवणारा. यंत्राच्या घरघरीत त्याचे डोळे मिटत आणि तो मनानं त्या नळीत शिरे. पहिली पातळी, दुसरी, मग ती सदा पाझरणारी भिंत, मग तिसरी, जिथं त्याचा धाकटा भाऊ फकिरा ड्रिल धरून उभा असे. आईबाप लवकर गेलेले, फकिराला त्यानंच वाढवलेलं. आपण असंच वारा होऊन जावं, त्याच्या नाकाशी थांबावं आणि म्हणावं, चाल बाबू, घरी चाल. हे त्याला इतकं खरं वाटे की कधीकधी झोपेतून उठल्यासारखा तो दचकून यंत्राचा काटा पाहू लागे.

बालाघाटचा उन्हाळा त्या द्रवाला सोसत नसे. पस्तीस अंशांवरच त्याला उकळी फुटते, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीलासुद्धा त्याहून जास्त ताप असतो. महागू बाटली ओल्या वाळूत पुरून ठेवी. तरी बुचातून थोडं निसटेच आणि त्याच्या सदऱ्यात जाऊन बसे. त्याची बायको शेवंताबाई सदरा ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवी. वास जाई, त्याच्याबरोबर रंगही जाई आणि दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. महागूला स्वतःला काहीच कळत नसे. या वासाची खोडच अशी की थोड्या वेळानं नाक त्याची दखल घेईनासं होतं.

दुपारी तो डबा घेऊन तिसऱ्या पातळीवर उतरे. खालच्या गारव्यात फकिराच्या शेजारी बसून जेवणं, एवढीच त्याची चैन. तो दिसायच्या आधीच कोणीतरी म्हणे, "महागू येऊन राह्यला," आणि सगळे हसत. तोही हसे. इतरांची चाहूल पावलांनी लागते, आपली वासानं, याचा त्याला खरं तर अभिमानच होता. वेडा कुठला.

सदुसष्टच्या मे महिन्यात, जेवणाची वेळ होत आलेली असताना, दुसऱ्या पातळीवरच्या जुन्या लाकडी टेकूंनी पेट घेतला. धूर खाली उतरायला लागला. खाली एकतीस माणसं होती आणि त्यांत फकिरा. महागूनं बाटली नळीत सोडली, पळत खाणीच्या तोंडाशी आला आणि संकटात वर यायच्या पलीकडच्या शिडीकडे डोळे लावून उभा राहिला.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. शिडीवर कोणी नाही.

त्यानं खालचा फोन फिरवला. ड्रिलच्या आवाजात घंटी कोण ऐकणार? ती वाजतच राहिली. शेवटी पाणी प्यायला आलेल्या हिरालाल मुकादमानं फोन उचलला.

"सडकी बास नाही आली काय खाली?" महागूनं विचारलं.

"आली ना. महागू आला अशीन डबा घेऊन," हिरालाल म्हणाला. "तू कोन बोलून राह्यला?"

महागूनं फोन तोंडाशी घट्ट धरला.

"मी महागू," तो म्हणाला. "वरूनच बोलून राह्यलो."

पलीकडे फोन तसाच टाकल्याचा आवाज आला आणि एकेक करून ड्रिल बंद पडत गेल्या.

एकतीसच्या एकतीस वर आले. फकिरा सगळ्यात शेवटी, खोकत. महागूनं त्याला धरून झाडाखाली बसवलं, पाणी पाजलं. दम परतल्यावर फकिरा म्हणाला, "मले वाटलं, दादा येऊन राह्यला. तुयासाठी जागा झाडून ठेवली होती मी."

महागूला रडू आलं आणि ते त्यानं लपवलंही नाही. ज्या मायेनं तो रोज खाली उतरत होता, तिनंच आज भावाला धुरात बसवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तो खाली गेला नाही. फकिरानं चार दिवस वाट पाहिली, मग वर येऊन भांडला. "काहून येत नाही तू? माह्यावर राग हाय काय?"

"राग नाही," महागू म्हणाला. "पन त्या बासीले खाली कोनी महागू म्हनून ओयखाले नाही पायजे."

फकिरा रुसला. महिनाभर बोलला नाही. महागू एकटाच मोहाच्या झाडाखाली डबा उघडायचा, दोन घास खायचा आणि डोळे मिटून नळीत शिरायचा. पाझरणाऱ्या भिंतीपाशी थांबायचा. त्याच्या पुढं जायचं मात्र त्यानं स्वप्नातही सोडलं.

वर्षं गेली. जुनी माणसं गेली, नवी आली. एकाहत्तर साली साहेबांनी कोणाला न सांगता सराव घेतला आणि महागूनं बाटली सोडली. सहाव्या मिनिटाला शिडीवर पहिलं डोकं दिसलं. मग रांगच लागली. नाकं दाबून, घाबरीघुबरी माणसं त्याच्या अंगावरून धावत गेली. एकानं त्याला धक्का दिला, दुसऱ्यानं थांबून विचारलं, "काका, ये काहे की बदबू है?"

एवढ्या माणसांत एकाच्याही तोंडी महागूचं नाव नव्हतं. त्यानं डोकी मोजली, सगळी भरली, आणि तो तिथंच दगडावर बसून लहान पोरासारखा हसू लागला.