अनुक्रमणिकेतली हाक

मुलगी लग्नानंतर बंगळुरूला निघाली, म्हणून तिच्या आईच्या पाककृतींचं पुस्तक छापून द्यायचं ठरलं. बायको सांगे, मी टाइप करी. पदार्थाच्या नावाला ‘हेडिंग’ची स्टाइल लावली की अनुक्रमणिका आपोआप तयार होते, हे मुलीनेच मला शिकवलं. काल ती तयार झाली आणि स्क्रीनवर उमटलं : भरली वांगी, अळूचं फदफदं, अहो ऐकताय ना, डाळिंब्यांची उसळ.

बायको जे जे बोलली ते मी इमानदारीत टाइप केलं होतं, आणि स्टाइल लावताना माझा हात जरा सढळच.

“बाबा, आईच्या ओरडण्यालाही हेडिंग दिलंस?” मुलगी हसून हसून खुर्चीवरून घसरली.

“आता तरी दिसलं ना त्यांना!” आतून बायको म्हणाली.

खरंच दिसलं. इतकी वर्षं बारीक मजकुरासारखं जे कानाआड केलं, ते ठळक अक्षरांत काय गोड दिसत होतं! तरी पुस्तक ते पुस्तक. मी ओळ पुसायला गेलो.

मुलीने माउस काढून घेतला. तिचं हसू थांबलं होतं.

“हात लावू नकोस, बाबा. भरली वांगी मला मोबाइलवरही सापडतील.”