ग्रामोफोनपुढं गप्प झालेले गुरुजी

मंडळी, आज ताडकळसला पणतीच्या शाळेत गेलो होतो. वर्गातल्या नव्या स्क्रीनवर चादर टाकलेली दिसली. मी बाईंना विचारलं, "बिघडलाय का?"

बाई हळूच म्हणाल्या, "नाही आजोबा, चालू आहे. पण त्यातलं इंग्रजी ऐकलं की लेकरं माझ्या उच्चाराला हसायलेत."

मला एकदम आमचे गुरुजी आठवले.

हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर काही वर्षांनी पाथरीच्या आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायला ग्रामोफोन आला होता. गुरुजी सगळं उर्दूत शिकलेले. तबकडी म्हणाली 'स्कूल'. गुरुजी म्हणाले 'इस्कूल'. पहिला मी हसलो, मग सगळा वर्ग हसला. गुरुजीपण हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

त्यानंतर वर्गात त्यांच्या तोंडून इंग्रजीचा एक शब्द निघाला नाही. ग्रामोफोनला चावी द्यायचे अन् भिंतीला टेकून उभे राहायचे. वर्ष संपायच्या आत बदली मागून निघून गेले. त्यांची माफी मागायची राहूनच गेली. ते उभे राहिलेले गुरुजी अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

आज हे सगळं मी बाईंना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "ते गुरुजी पुन्हा कधी बोलले का हो इंग्रजी?"

मला माहीत नाही, तसंच सांगितलं. खोटं तरी 'हो' म्हणायला हवं होतं का?