कन्हानच्या डोहातली तीन नाणी

"ज्याचं हाये त्याले भेटलं पाहिजे, बाबूजी."

एकवीस वर्षांपूर्वी आमच्या नागपूरच्या घराच्या दारात उभं राहून एका माणसाने माझ्या बाबांना हे सांगितलं होतं. कामठीजवळ राहणारे काका... कन्हान नदीत बुडालेल्यांना बाहेर काढणारे पाणबुडे. आदल्याच दिवशी त्यांनी माझ्या धाकट्या भावाचा मृतदेह डोहातून वर आणला होता.

भावाच्या हातात घड्याळ नव्हतं, असं आई रडता रडता बोलून गेली होती. काकांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा बुडी मारली, गाळ चाचपला आणि घड्याळ घेऊन घरी आले. बाबा म्हणाले, तुम्हीच ठेवा... त्यांनी साधा चहासुद्धा घेतला नाही.

तेव्हापासून दर दिवाळीला बाबा त्यांच्याकडे फराळ घेऊन जायचे. बाबा गेल्यावर मी जाते.

गेल्या रविवारी मात्र दिवाळी नसताना त्यांच्या मुलाचा फोन आला. "ताई, तुम्ही कॉलेजात इतिहास शिकवता ना? येऊन जा जरा. बाबा कोणाचं ऐकूनच नाही राहिले."

मी गेले. काकूंनी देवघरातून, बाळकृष्णाच्या शेजारची एक वाटी आणून माझ्यासमोर ठेवली. आत तीन सोन्याची नाणी... दोन्ही बाजूंनी अरबी अक्षरं.

उन्हाळ्यात डोहात एका बुडालेल्याला शोधताना ती काकांच्या हाताला लागली होती. आधी तांदळाच्या डब्यात होती. मग शेजारच्या विणकर चाचांनी वाचून सांगितलं, की यावर अल्लाहचं नाव आहे. काकूंनी हात धुतले आणि नाणी उचलून देवात ठेवली. "नाव तं देवाचंच हाये न वं," त्या मला म्हणाल्या. विषय संपला.

मुलाने मोबाइल पुढे केला. परदेशात कुठेतरी समुद्राच्या तळाशी पाणबुड्यांना सोन्याची जुनी इस्लामी नाणी सापडली, त्याचा व्हिडिओ. खाली कोटींचे आकडे. "आपले किती येतीन, ताई?"

मी माझ्या एका सहकाऱ्याला फोटो पाठवले, त्याला जुनी नाणी वाचता येतात. थोड्या वेळाने उत्तर आलं... दिल्लीच्या सुलतानांच्या काळातली वाटतात, सहा-सातशे वर्षं जुनी. पण हातात घेतल्याशिवाय खात्री देता येणार नाही.

मग मला काय उत्साह आला! सोन्याचा भाव वेगळा, संग्राहक देतात तो त्याच्या कितीतरी पट. आणि खरी किंमत तर त्याहून वेगळी, कारण या वाटेने तेव्हा कोण येत-जात होतं ते अशा नाण्यांवरून कळतं. ती घरात ठेवता येत नाहीत, कलेक्टर ऑफिसला कळवावं लागतं, हेही सांगून टाकलं. वर्गात बोलते तशीच बोलत होते बहुतेक.

काका शांतपणे ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "तो निंगाला होता का पण?"

"कोण, काका?"

"ज्याचे हे होते तो. तिन्ही एकाच जागी चिकटून होते. कमरेले बांधले असतीन त्यानं. त्याले कोणी वर काढलं का नाही... हे नाही लिवलं का याच्यावर?"

इतकी वर्षं मी मुलांना नाणी शिकवते आहे. वजन, टांकसाळ, घराणं... नाणं पाण्यात पडलं तेव्हा त्याच्यासोबत कोण बुडालं, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. आणि मला तरी तो पडायला हवा होता.

काकांचं ठरलंय. त्या माणसाचं कोणी सापडणार नाही, म्हणून सर्वपित्रीला नाणी त्याच डोहात परत सोडायची. आता त्यांच्यासोबत मुलगाही बुड्या मारतो. "त्याचं आपण ठेवून घेतलं, अन् उद्या पाण्यानं माह्या पोराले ठेवून घेतलं तं?" हे ते फार हळू बोलले.

"अख्खी जिंदगी पाण्यात घातली या मानसानं," काकू म्हणाल्या, "आता सोनं भेटलं तं तेबी पाण्यातच टाकून राहिला!" सगळे हसले, काकाही हसले. पण काकूंनीच वाटी उचलून पुन्हा देवात ठेवली.

मुलाला विचारूनच हे लिहिते आहे. नाव लिहीत नाही. तो आज हे काकांना वाचून दाखवणार आहे, म्हणून पुढचं फक्त त्यांच्यासाठी.

काका, तुम्ही नाहीच म्हणाल, मला माहीत आहे. तरी विचारते. सर्वपित्रीला मी येते. त्याच्या नावाने दिवा आपण दोघं सोडू, चाचांना त्याच्यासाठी फातिहाची प्रार्थना म्हणायला सांगू. त्याला सातशे वर्षांत कोणी विचारलं नव्हतं, तुम्ही विचारलंत... पण त्याआधी एकदा माझ्यासोबत कलेक्टर ऑफिसला चला ना. ती तीन नाणी तेवढी कोरडी राहू द्या.