जानकीकाकीनं गाळलेलं नाव

जानकीकाकीबद्दल मला चांगलं बोलायला लावू नका. चांगलं हाय तेवढं सांगीन, पण तोंड वाकडं करूनच सांगीन.

काकी म्हणजे माझ्या नवऱ्याची चुलती, आमच्या वडपे गावची धवलारीण. लग्नात मांडवाच्या दिवशी धवले गाते ती बाई. भटजीचे मंत्र देवाला कळत असतील, आम्हाला धवला कळतो. धवलारीण आधी देवांना बोलावते, गणपती, एकवीरा, वज्रेश्वरी, गावदेवी. मग घरातल्या मेलेल्यांना, एकेकाचं नाव घेऊन. मागून बाया ओळ उचलतात आणि तो माणूस लग्नाला आला असं आम्ही धरतो. ज्याचं नाव राहिलं तो मांडवाबाहेरून उपाशी परत जातो, असं माझी सासू सांगायची.

चाळीस वर्षं काकीनं हे काम केलं. लिहिता-वाचता येत न्हाय, पण घरोघरचे मेलेले तिला तोंडपाठ. कोण साप चावून गेला, कोण हायवेवर कंटेनरखाली आला, कुणाच्या सुनेनं औषध घेतलं, तिनं सगळ्यांना बोलावलं. एकदा कुणा शहाण्यानं विचारलं, असल्यांना कशाला बोलावतेस? तर म्हणाली, कसा मेला ते बघून जेवायला वाढतात का रं? हे तिचं चांगलं. झालं सांगून.

मग काकीची जमीन गोडाऊनला विकली गेली आणि तिच्या पोरानं भिंतीएवढा टीव्ही आणला. रोज संध्याकाळी सातला एक हिंदी मालिका लागायची, चुडैलीची. काकी चूल टाकून तिच्यापुढे बसायची. मीपण बसले चार-सहा वेळा, आणि माझं डोकंच फिरलं. त्यातल्या नवऱ्यानं पहिल्या बायकोला भिंतीत चिणलेलं. ती बिचारी मेली आणि झाली चुडैल. उलटे पाय, सात जन्म मुक्ती न्हाय. आणि तो मेला चिणणारा? त्यानं एक आरती केली, डोळ्यांतून दोन थेंब काढले, झाला पवित्र. दुसरी बायको त्याचे पाय धरते. ज्याच्यावर अन्याय झाला तो कायमचा पापी आणि ज्यानं केला तो देवघरात! हा कुठला न्याय म्हणायचा? मी काकीला तसं बोलले. ती म्हणाली, शास्त्र हाय ते, तुला काय कळतं.

त्या मालिकेत आणखी एक नियम होता. वाईट मेलेलीला उंबरा ओलांडता येत न्हाय, पण नावानं बोलावलं की येता येतं. हे काकीच्या डोक्यात जाऊन बसलं. बोलावणं तर तिचंच काम. एका लग्नात तिनं औषध घेतलेल्या सुनेचं नाव गाळलं, दुसऱ्यात बाळंतपणात गेलेलीचं. लोकांना वाटलं, म्हातारी विसरली. मला ठाऊक होतं, ती विसरत न्हाय.

आता माझं सांगते. माझी पोरगी निशा वळ गावच्या कुणालला दिलेली. दोन वर्षांत पोरगी वाळून गेली. माहेरी आली की बाहीत हात लपवायची. मी विचारलं, ती बोलली न्हाय, आणि मी तिला परत पाठवली. हे माझं पाप, ते मी कुणाच्या नावावर टाकत न्हाय. एक दिवस ती सासरच्या विहिरीत सापडली. पोलिसांच्या कागदावर अपघात लिहिला गेला. कुणालनं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं, आता गावजेवणं घालतो आणि लोक त्याला दादा म्हणतात. अगदी मालिकेतल्यासारखं.

यंदा माझ्या हितेशचं लग्न ठरलं, करिष्माशी. पोरगी गुणी हाय. मला त्या लग्नात एकच गोष्ट हवी होती. धवल्यात निशाचं नाव. बहीण भावाच्या हळदीला यायला नको? मी आठ दिवस आधी काकीकडे गेले, पदर पसरला. ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, बघू.

मांडवाच्या दिवशी दुपारी डीजेवाल्याला गप्प केलं. हितेश पाटावर बसला, बाया गोळा झाल्या. काकीनं देव बोलावले, माझे सासू-सासरे बोलावले, थोरला दीर बोलावला. पुढचं नाव निशाचं. काकी पाणी प्यायली आणि एकदम आपल्या नवऱ्याच्या, काळूरामच्या ओळीवर आली.

नाव तोंडातून पुरतं बाहेर पडायच्या आत मी म्हटलं, थांब.

माझा नवरा अनंता हळूच म्हणाला, सोड, शुभकार्यात वाद नको. त्याच्याकडे मी असं बघितलं की तो मांडवाबाहेरच गेला. काकी म्हणाली, विहिरीतलीला नावानं बोलावली तर ती नव्या सुनेच्या अंगावर येईल, मी ते पाप घेणार न्हाय.

"आणि काळूराम?" मी विचारलं. "दारू पिऊन खाडीत गेला तो. जित्तेपणी तुझा हात मोडलान. त्याला कुठल्या शास्त्रानं बोलावतेस?"

"तो पुरुष होता," काकी म्हणाली. "घरचा पितर हाय तो."

"आणि माझी पोरगी कोणाची?"

काकीनं पुन्हा काळूरामचं नाव घ्यायला तोंड उघडलं. तिचा डावा हात, तो वाकडा बसलेला, मांडीवर होता. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं. पुन्हा उघडलं, पण आवाज आला न्हाय.

मग मीच गायले. माझा गळा फाटका, मला चाल धड येत न्हाय.

"ये गं निशा, मांडवात ये, भावाच्या हळदीला हात लाव गं."

मागून ओळ उचलायला कुणी न्हाय. सगळ्या बाया काकीकडे बघत बसलेल्या. मी दुसऱ्यांदा गायले, तेव्हा हितेशनं ओळ उचलली. नवऱ्या मुलानं धवला गायचा नसतो, पण तो गायला, आणि पाटावर जरा बाजूला सरकला. तेवढी जागा त्यानं हळद लागेपर्यंत मोकळी ठेवली. मग एकेक करून बाया गायला लागल्या. मी रडले, लाज न बाळगता रडले.

त्या लग्नात निशा आली. काळूरामला कुणी बोलावलं न्हाय.

करिष्मा सुखरूप हाय. तिच्या अंगावर कुणी आलं न्हाय. काकी मात्र त्यानंतर माझ्याशी बोलत नव्हती, आणि मला त्याची काही पडली नव्हती. गेल्या महिन्यात एकदम दारात येऊन उभी राहिली. आली ती मालिकेच्या वेळेला, संध्याकाळी सातला. मी पाणी दिलं, बस म्हटलं न्हाय. तिनं पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "मी गेल्यावर धवल्यात माझं नाव घ्यायला कुणी न्हाय. तू घेशील?"

मला माफ करता येत न्हाय. अजून येत न्हाय. पण मांडवाबाहेरून कुणाला उपाशी पाठवायचं मला जमत न्हाय, तिला जमलं तरी.

"घेईन," मी म्हटलं. "पण निशाच्या मागून."