लेकरांचं बोलणं कागदावर आणणाऱ्या शिराळे मॅडम

निर्मला शिराळे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या वर्गात जमिनीवर बसल्या होत्या. नेमणुकीचा आदेश खिशात घेऊन मी जिंतूरहून एसटीने निघालो, चारठाण्याच्या रस्त्यावर उतरलो आणि बराच वेळ चालत त्या दोन शिक्षकी शाळेत पोहोचलो. सात-आठ मुलं एका स्टीलच्या पातेल्याभोवती डोकी जुळवून बसली होती. पातेल्यात काचेला तडा गेलेला जुना मोबाईल होता आणि त्यातून एका मुलीचा आवाज येत होता. मी दारातून नमस्कार केला, तशी मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं. त्या मुलीची गोष्ट संपल्यावरच त्या उठल्या.

"या सर. पातेल्यात ठिवला की आवाज मोठा येतो. आपल्याकडं स्पीकर न्हाई ना!"

मी परभणी शहरात वाढलेला. शाळेत खिचडीच्या पातेल्यातून शिकवणं चालतं, हे पाहून मला मनातून हसू आलं होतं. आज मॅडमच्या साठीच्या गौरवग्रंथासाठी लिहायला बसताना ते हसू आठवून संकोच वाटतो.

मॅडम मूळच्या वालूरच्या. आमच्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका आणि पहिली-दुसरीच्या वर्गशिक्षिकाही. त्यांची पद्धत साधी होती. मूल आधी आपली गोष्ट मोबाईलमध्ये सांगायचं. मॅडम ती थांबवत थांबवत ऐकून जशीच्या तशी मोठ्या अक्षरात लिहून द्यायच्या. मग मूल आपलाच आवाज ऐकत, शब्दांवर बोट ठेवून ते वाचायचं. पुढे स्वतः ऐकून स्वतः लिहायचं. एका संस्थेने दिलेले तीन टॅब फुटतील या भीतीने पूर्वी कपाटात कुलूपबंद होते. मॅडमनी आल्याबरोबर ते बाहेर काढले. "वापरून बिघडले तर चालंल, नुसते ठेवून बिघडायला नकोत," असं त्या म्हणाल्याचं खिचडी शिजवणाऱ्या मावशी अजून सांगतात.

माझ्याकडे तिसरी-चौथी होती. तिसरीत दुर्गा नावाची मुलगी होती. आई-वडील कापूस वेचायला जात, घरची शेळी तिच्याकडे असे. वर्गात ती फारसं बोलत नसे, पुस्तकातलं वाचायला सांगितलं की मान खाली. पण मोबाईलपुढे तिने शेळीची गोष्ट सांगितली आणि पुढचे चार दिवस ती ऐकून ऐकून वहीत उतरवली. आयुष्यातलं तिचं ते पहिलं पानभर लेखन. 'माही शेळी लय आगाव हाय. ती माह्या वहीचं पान खायली व्हती. मी वरडले तर माह्याकडं बघून हासायली.'

ती वही तिने मोठ्या उमेदीने मला दाखवली. मी लाल पेन काढला. 'माही'चं 'माझी' केलं, 'लय'चं 'खूप', 'आगाव'चं 'खोडकर', 'हाय'चं 'आहे'. शेळी हसत नाही, असाही शेरा मारला. पान लाल झालं. आपण काम चोख केलं, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून दुर्गा लिहीना. मॅडमनी मोबाईल पुढे धरला, तर तिने मान हलवली. "मला नीट बोलता येत न्हाई मॅडम," एवढंच म्हणाली. त्यानंतर ती शाळेतच येईना.

तिसऱ्या दिवशीही ती आली नाही, तेव्हा शाळा सुटल्यावर मॅडमनी मला समोर बसवलं. मी बोलणी खाण्याची तयारी ठेवली होती. पण त्यांनी दुर्गाच्या गोष्टीचं ध्वनिमुद्रण लावलं. मध्येच ती स्वतःच्या बोलण्यावर खुदकन हसली होती. ते ऐकवून झाल्यावर मॅडमनी ते लाल पान माझ्यापुढे ठेवलं.

"सर, ह्या पानातलं लेकरू कुठं गेलं?"

मी म्हणालो, "पण मॅडम, शुद्ध शिकवायला नको का?"

"शिकवायचंच. त्याच्यासाठीच तर आपण हाव. पण तिचं पुसू नका, शेजारी लिहा. तिला दोन्ही येऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं दुर्गाच्या घरी गेलो. तिच्या आईसमोर मी दुर्गाला म्हणालो, "माझं चुकलं. तुझी गोष्ट चांगली होती." ती दाराआडून बघत राहिली. तेव्हा मॅडम म्हणाल्या, "दुर्गे, आता सरांची गोष्ट कोण लिहून घेईल? त्यांना लिहिता येतंय, पण गोष्ट सांगता येत न्हाई वाटतं." ते ऐकून तिची आईच आधी हसली, आणि दुर्गा दप्तर घेऊन आमच्याबरोबर निघाली.

मग मॅडमनी मला वर्गासमोर मोबाईलपुढे बसवलं आणि बजावलं, "घरी बोलता तसं बोला हं सर." मी लहानपणी आठवडी बाजारात आईचा हात सुटून दुसऱ्याच बाईचा पदर धरून अर्धा बाजार फिरलो होतो, ते सांगितलं. किती वर्षांनी शाळेत मी आमच्या घरच्या बोलीत बोलत होतो! मुलं लोळून हसली. दुर्गा तो मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसली. ऐकायची, थांबवायची, लिहायची, पुन्हा मागे न्यायची. तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली.

"सर, तुमी 'भेलो' म्हणलात का 'भ्यालो'?"

मी म्हणालो, "मी भेलो म्हणालो. पुस्तकात भ्यालो लिहितात."

"मग दोनी लिहू?"

"दोन्ही लिही," मी म्हणालो.

त्या वर्षी आमच्या भिंतीवर घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा शेजारी शेजारी लागल्या. दुर्गा दोन्ही वाचू लागली. तिने पुस्तकातला धडा वाचलेला आवाज मॅडमनी तिच्या आईला ऐकवला, तेव्हा ती माऊली मोबाईल कानाला लावून म्हणाली, "ही माही दुर्गी वाचायली? मॅडम, आणिक एकदा लावा." मॅडमनी तीनदा लावला.

मॅडमचा जिव्हाळा शाळेपुरता नव्हता. माझ्या वडिलांना लकवा झाला आणि त्यांचं बोलणं गेलं, तेव्हा मला दीर्घ रजा घ्यावी लागली. मॅडमनी चारही वर्ग सांभाळले, आणि तक्रारीचा एक शब्द काढला नाही. डॉक्टरांनी वडिलांकडून शब्दांचा सराव करून घ्यायला सांगितलंय, हे कळल्यावर त्यांनी पहिलीच्या मुलांच्या आवाजात सोपे शब्द भरून पाठवले. प्रत्येक शब्दानंतर थोडी जागा मोकळी ठेवली होती. वडील त्या लेकरांच्या मागोमाग ओठ हलवत. त्यांचं बोलणं पूर्वीसारखं झालं नाही, पण एके दुपारी त्यांनी 'पाणी' म्हटलं आणि आई ते आणायला उठायच्या आधी रडायलाच लागली. हे ऋण शब्दांत मांडणं मला जमत नाही.

निवृत्तीनंतर मॅडम वालूरला राहतात. मागच्या महिन्यात मी गेलो, तेव्हा त्यांच्या ओसरीवर गावातली मुलं एकमेकांना आपल्या गोष्टी वाचून दाखवत होती. नव्याने नोकरीला लागलेली एक शिक्षिका आली होती. तिने विचारलं, "मॅडम, मुलांसाठी कुठलं ॲप घेऊ?" मॅडम म्हणाल्या, "आधी लेकरू काय बोलायलंय ते ऐक बाई. ॲप मग बघू." मग चष्मा लावून त्या तिच्या मोबाईलमध्ये डोकावल्या आणि नवं काय आलंय ते तिलाच विचारू लागल्या.

मॅडम, साठी पूर्ण केल्याबद्दल आम्हा सर्व सहकाऱ्यांचा आपल्याला मानाचा नमस्कार. आपले गुडघे आपल्याला साथ देवोत, कान असेच तिखट राहोत आणि ओसरी कधी रिकामी न राहो. आपल्या पंचाहत्तरीचाही ग्रंथ निघेल. तो आपल्या विद्यार्थ्यांनी लिहावा, त्यांना हव्या त्या भाषेत. आणि आम्ही शिक्षकांनी हातात पेन न घेता तो नुसता वाचावा.